इथं मराठी कोणाले कळते

६ मे, सोमवार

रात्रभर डोळ्याले डोळा लागला नाही. काल दिवेलागणीले मितूच्या डबीतून बाई बोलली, म्हणून.

लिहिलं तर मलेच येडपटासारखं वाटून राह्यलं. पण झालं ते असं. डबी म्हणजे वरच्या काकूंनी दिलेली, लेकरू ऐकायची डबी. एक मितूच्या उशाशी असते, दुसरी माझ्या कमरेले, दोन्ही सेलवर चालतात. ती रडली की मागच्या आंगनात मले ऐकू येते. मी बटन दाबून बोलली की तिच्या उशाशी माझा आवाज निघते. इथं उन्हाळ्यात कूलर लावला की घरात बँडवाले बसवल्यासारखं होते, त्याच्यात सात महिन्याच्या पोरीचं रडणं काय ऐकू येणार. म्हणून डबी.

तर मी मागं दुपटी धूत होती. मितू रडायले लागली. मी तशीच साबणाच्या हातानं पळाली. दारात पोहोचली तं तिच्या उशाशी बाईचा आवाज. "गप गं राणी, गप. आले हं, आले."

माझी डबी माझ्या कमरेले. मी बटनाले हात लावला नव्हता. मितूचे बाबा, नीरज, मालगाडीवर, फुलेरा स्टेशनच्या पुढं कुठंतरी. घरात दुसरं कोणी नाही. अन् सगळ्यात भेव कशाचं वाटलं सांगू? मितू गप झाली. डबीकडे पाहून हसली. जशी ओळखीची बाई आहे.

आवाज एकदम शुद्ध होता. शाळेतल्या बाई धडा वाचतात तसा. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. आई जाऊन चार वर्षं झाली, ती पण माझ्यासारखीच मले-तुले करायची. आमच्यात भूत-बित मानत नाहीत. तरी मी पोरीले पोटाशी धरून भिंतीले टेकून बसली ते उजाडेपर्यंत.

७ मे, मंगळवार

नीरज सकाळी आले. टिफिनची पेटी खाली ठेवायच्या आधीच मी सांगितलं. ऐकून घेतलं, चहा पेला, अन् म्हणाले, "गौतमी, तू झोपत नाही ना, त्यानं होते."

"मितू पण झोपली नव्हती का? तिले पण झालं?"

"सात महिन्याचं लेकरू डबीकडे पाहूनच हसते. पंख्याकडे पाहून पण हसते."

मग झोपून गेले. मालगाडीच्या गार्डाचं असंच. आता त्याले ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण शेवटच्या डब्यात एकटंच बसायचं ते बसायचंच.

दुपारी काकू खाली आल्या, मेथी निवडायले. प्रभावतीकाकू आमच्या घरमालकीण. काका विम्यात साहेब होते, बदलीवर जयपुरात आले अन् प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचं घर घेऊन इथलेच झाले. मराठी भाडेकरू पाहिजे म्हणून आम्हाले खालचा मजला दिला. काकू माझ्या बोलण्याले हसतात, "मले काय, तुले काय! गौतमी, मितूला तरी नीट मराठी शिकव हो." पण जीव लावतात. बाळंतपणाले माझ्या सासूबाई, आत्याबाई, दीड महिना इथं होत्या, तेव्हा दोघींची जोडी जमली. अजून फोन चालतात एकमेकींचे.

मी काकूंना डबीचं सांगितलं. त्यांच्या हातातली काडी तशीच राह्यली.

"बाईचा आवाज?"

"हो. एकदम तुमच्यासारखी शुद्ध बोलली."

काकू खाली पाहून मेथी निवडायले लागल्या. म्हणाल्या, "अगं, थकल्यावर असे भास होतात. अश्लेषाच्या वेळी मलाही व्हायचे. कुणाला सांगत बसू नकोस, लोक भलतंच समजतात."

बरं वाटलं. डबी पण अश्लेषाताईंचीच आहे, काकूंच्या पोरीची. ती बाळंतपणाले आली होती, मग लेकीले घेऊन कॅनडाले गेली, त्याले झाली चार-पाच वर्षं. खोक्यावर तीन डब्यांचं चित्र आहे, आत दोनच निघाल्या. एक बिघडली, फेकून दिली म्हणाल्या काकू.

जाताना म्हणाल्या, "आणि मितूच्या हिरड्यांना मध लाव थोडा, पहाटे किती कळवळते गं पोर." खरंच, पहाटेच जास्त रडते. जुनी घरं आहेत, वरपर्यंत जात असेल आवाज.

१० मे, शुक्रवार

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. सकाळी मितूले तेल लावता लावता तिच्याशी बोलत होती. तुझी आजी असती तं आज रस केला असता, सोबत कुरडया तळल्या असत्या, इथं तुझ्या जयपुरात कुरडई कोण देते आपल्याले. असंच काहीबाही. तिच्याशी नाही बोलणार तं कोणाशी बोलू? दिवसभर हिंदीत "भैया धनिया डाल दो" एवढंच तोंडात असते.

दुपारी काकू ताट घेऊन खाली. आमरस अन् कुरडया! पुण्याहून आलेल्या ठेवून दिल्या होत्या म्हणे.

मी रडलीच. "काकू, तुम्हाले कसं कळलं?"

"मनातलं कळतं मला," म्हणाल्या अन् मितूले उचलून घेतलं. ती पण अशी गेली त्यांच्याकडे, जशी पोटची नात. काकूंचे डोळे भरून आले. कॅनडावाली नात फोनवर आली की इंग्रजीत हाय म्हणते अन् पळून जाते, हे त्यांनी मागं एकदा सांगितलं होतं.

१२ मे, रविवार

लिहू का नको, किती वेळ विचार केला. पण इथं खोटं लिहिलं तं खरं कुठं लिहू.

आज मितू सकाळपासून रडत होती. दूध घेईना, झोपेना, अंगावरून उतरेना. लाइट गेली होती, कूलर बंद. नीरज कालपासून ड्युटीवर. मी तिले पलंगावर ठेवली अन् समोर खाली बसली. अन् माझ्या तोंडून निघालं, "मितू, एक दिवस तुले कोणाच्या तरी दारात ठेवून निघून जाईन मी. खरंच सांगते. ठेवून जाईन."

म्हटलं अन् मलेच धस्स झालं. मग तिले उचलून इतकी पप्पी घेतली इतकी घेतली. माझ्या आईनं पण आम्हाले असंच म्हटलं असेल का? म्हटलं असेल. घरात कोणी नव्हतं, बरं झालं. मितूले काय समजते.

काकू लगेच खाली आल्या. "दे तिला माझ्याकडे, तू आंघोळ कर." तासभर घेऊन बसल्या. जाताना माझ्याकडे कसंतरीच पाहत होत्या. मी म्हटलं, काय झालं काकू? म्हणे काही नाही.

१५ मे, बुधवार

मितूले मांडीवर घेऊन लिहून राह्यली. अक्षर वाकडं येत आहे.

आत्याबाईंचा भुसावळहून फोन आला. नेहमीसारखं, जेवली का, मितूचे दात आले का. मग एकदम म्हणाल्या, "काय वं, पोरगी दारात ठेवून जायची हाय म्हने तुले?"

माझ्या हातातून फोन पडला. उचलला तं त्या बोलतच होत्या. "लोकाच्या दारात कायले ठेवतं? आमच्या दारात ठेव. माही सुलू दहा वर्षं झाली वाट पाहून राह्यली. तुले जड झाली अशीन तं दे तिच्या वटीत."

सुलूताई म्हणजे सुलोचना, माझी मोठी नणंद. तिले मूलबाळ नाही. आधी पण एकदोनदा हसत हसत बोलणं निघालं होतं, पहिली आम्हाले देऊन टाक, तुम्हाले काय दुसरी होईल. मी हसण्यावारी नेलं होतं.

पण ते शब्द. अगदी तेच शब्द. दारात ठेवून जाईन. ते मी फक्त मितूले म्हटले होते. खोलीत दुसरी माशी नव्हती.

मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्हाले कोणी सांगितलं?"

"कोनी सांगितलं ते जाऊ दे. म्हटलं का नाई ते सांग."

मी फोन ठेवून दिला. भिंतींना कान असतात म्हणतात, पण भुसावळपर्यंत?

१६ मे, गुरुवार

नीरजवर बोट ठेवलं मी. म्हटलं, तुम्ही काहीतरी लावून ठेवलं घरात. मोबाइलमध्ये, पंख्यात, कुठंतरी. ड्युटीवर बसून माझं ऐकता अन् आईले सांगता.

ते पाहतच राह्यले. "मी? लाइनवर मले माझ्या गार्डाच्या डब्यात स्वतःचं ऐकू येत नाही, तुझं काय ऐकू?"

"मग आत्याबाईले कसं कळलं?"

"म्हणजे तू म्हटलं होतं?"

मी मितूची दुपटी घडी घालायले लागली. मग ते खूप हळू आवाजात म्हणाले, "गौतमी, आधी आवाज ऐकू आला. आता कोणीतरी घरात लावून ठेवलं. मी काय समजू?" अन् डोळे पुसले. मी त्यांना रडताना पाह्यलं नव्हतं कधी. मले अजूनच राग आला. रडायची पाळी माझी का त्यांची?

नंतर जेवताना त्यांच्या वॉकीटॉकीकडे पाहून मी विचारलं, याच्यावर तुम्ही ड्रायव्हरशी बोलता ते दुसऱ्याले ऐकू येते का. म्हणे, "येते तं. जवळपास जो असेल तो सगळा ऐकते. म्हणून त्याच्यावर कामाचंच बोलायचं. एकदा एकानं बायकोची भांडणं सांगितली, तं अजमेरपर्यंत त्याले चिडवत होते."

हसले थोडे. मी नाही हसली. माझ्या डोक्यात डबी आली.

१८ मे, शनिवार

डबी पदरात गुंडाळून राजा पार्कले गेली. मितू कडेवर, दोन रिक्षा बदलल्या. तिथं एक मोबाइल-रेडिओचं दुकान आहे. दुकानाच्या दाराशीच मी आपल्या भाषेत पुटपुटली, "हा म्हातारा लुटेल बरं मितू, तोंडावरूनच लबाड दिसते." म्हातारा गोड हसून म्हणाला, "आओ बहनजी, गुड़िया को पंखे के नीचे बिठाओ." लाज वाटली, पण त्याले काय कळलं थोडीच. बाजारात मी असंच करते. भाजीवाल्याच्या तोंडावर मितूले सांगते, याचे टमाटे सडके आहेत. तो "हां दीदी" म्हणते. आपली भाषा म्हणजे आपलं कुलूप.

म्हाताऱ्यानं डबी उघडून पाह्यली. म्हणाला, "ये तो खुला सेट है. हवा सबकी है बहनजी. मोहल्ले में जिसके पास ऐसा ही सेट हो, वो आपको सुनेगा. बटन दबाएगा तो बोलेगा भी." मग दुसरी दाखवली, महागाची. तिच्यात म्हणे दोन डब्या एकमेकींशी आधी गुपित ठरवून घेतात, मग मधल्या कोणी पकडलं तरी त्याले नुसती खरखर ऐकू येते. किंमत ऐकून मी हात मागं घेतला. म्हणाला, "तो फिर इसको बंद रखो. या इसके सामने कुछ मत बोलो."

रिक्षात बसून मी सगळं जुळवलं. मोहल्ल्यात कोणाकडे तरी अशीच डबी आहे. त्या बाईनं स्वतःच्या लेकरासाठी बटन दाबलं, आवाज माझ्या घरात निघाला. म्हणजे भूत नाही, भास नाही! मी मोठ्यानं हसली, रिक्षावाल्यानं मागं वळून पाह्यलं.

पण मग ती मराठी कशी बोलली? हे डोक्यात अडकलं. मग वाटलं, मारवाडी बाई असेल, आपल्या लेकराले काहीतरी म्हटलं असेल, घाबरलेल्या कानानं त्याचं मराठी करून घेतलं. काकू म्हणतात ना, थकल्यावर होते. अन् आत्याबाईनं अंदाजानं दगड मारला असेल. कोणती आई तसं म्हणत नाही?

आता भेव नाही. कूलर चालू असेपर्यंत डबी लागेलच, पण तिच्याजवळ हिंदीचा एक शब्द काढायचा नाही. फक्त मराठी. ऐकू दे बसून कोणाले ऐकायचं ते.

काकूंना सांगितलं हे. इतकी खूश होती मी. म्हटलं, "ऐकणाऱ्याले घंटा समजणार नाही काकू. इथं मराठी कोणाले कळते?"

काकूंनी हो हो केलं. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "तरी बंदच करून टाक गं ती. जुनी झाली आता." मी म्हटलं, तुमच्या नातीची आठवण आहे, कशी टाकू?

१९ मे, रविवार

दादाशी बोलली. दिनकरदादा, माझा भाऊ, अकोल्याले कूलरच्या कारखान्यात आहे. सासूबाईचं सगळं सांगितलं. मितूले मांडीवर घेऊन पलंगावरच बसली होती, एकदम मोकळं बोलली, इतक्या दिवसांचं.

दादा म्हणे, "तू शुक्रवारी बस गाडीत. नीरजभाऊ ड्युटीवर असतील ना? मी तिकीट पाठवतो. इथं महिनाभर झोप काढ, मी भाचीले सांभाळतो."

"तुले लंगोट बदलता येते का?"

"कूलरचं गवत बदलता येते, तं लंगोट काय हाय!"

किती दिवसांनी हसली. ठरलं. शुक्रवारी सकाळी. नीरजले चिठ्ठी ठेवीन. पळून नाही जाऊन राह्यली, माहेरी जाऊन राह्यली. कोणाले सांगायचं नाही. काकूंना पण गाडीत बसल्यावरच फोन करीन, नाहीतर त्या काळजी करतील.

२२ मे, बुधवार

आत्याबाई अन् सुलूताई आल्या. सकाळी दार वाजलं, मले वाटलं दूधवाला. दोघी पिशव्या घेऊन उभ्या. सोबत नीरज. ड्युटीवर गेलेच नव्हते, स्टेशनवर त्यांना घ्यायले गेले होते.

आत्याबाई चप्पल काढता काढता म्हणाल्या, "शुक्रवारची गाडी धरून राह्यली होती ना? दिनकर तिकीट पाठवनार होता. कूलरचं गवत बदलनारा तुह्या पोरीचे लंगोट बदलनार होता."

दादाचं बोलणं. हसण्यासकट.

मी खालीच बसली. नीरजले म्हटलं, कसं? कसं कळते तुम्हाले? ते माझ्याकडे पाहीनात. म्हणाले, "गौतमी, तू रस्त्यात तिले कुठं ठेवून दिलं असतं तं? मी काय केलं असतं?"

"मी तिले माहेरी नेऊन राह्यली होती!"

"तू म्हटलं होतं, दारात ठेवून जाईन."

"म्हटलं होतं. पण ठेवलं का?"

माझा फोन आत्याबाईच्या पिशवीत गेला. तुले आराम पाहिजे म्हणे. माझ्या फोनवरून दादाले लिहून टाकलं, येत नाही, सगळं ठीक आहे, नंतर बोलू. तो कशाले काळजी करणार आता.

सुलूताईनं मितूसाठी फ्रॉक आणले. बारके, झालरवाले, हातानं शिवलेले. मितूले घातले अन् तिच्या पायाच्या बोटांना हात लावत बसली. मले म्हणाली, "वहिनी, मी जिवापेक्षा जपीन." तिच्यावर राग यायले पाहिजे होता. तिच्या तोंडाकडे पाहून येईना. त्याचंच मले जास्त भेव वाटते.

२३ मे, गुरुवार

बुद्धपौर्णिमा. मी खीर केली, कोणाले कळू नये म्हणून रडली नाही. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. सगळे पांढऱ्या कपड्यात. नीरजनं डोळे मिटून हात जोडले होते. मले वाटलं, आता उघडतील अन् म्हणतील, मितू कुठं जाणार नाही.

उघडले अन् म्हणाले, "उद्या रात्रीच्या गाडीनं ताई मितूले नेते. काही महिने. तू डॉक्टरले दाखव, बरी हो, मग पाहू."

"दूध?"

"सात महिन्याची झाली, वरचं चालते," आत्याबाई. "अन् मग पाहू काय? तिथं वकील हाय वळखीचा, कागद बी करून टाकू. सुलूच्या नावावर. सगळ्यांचं भलं."

नीरज म्हणाले, "आई, कागदाचं आत्ता नको." आत्ता नको म्हणाले. नको असं नाही म्हणाले.

मी मागच्या खिडकीतून ओरडली. मागच्या गल्लीतून कोचिंगच्या पोरी जातात, चार-पाच जणी होत्या. "दीदी, मेरे भाई को फोन करो! मेरी बच्ची ले जा रहे हैं!" थांबल्या त्या. आत्याबाई मागून आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला अन् त्यांना म्हणाल्या, "बेटा, डिलीवरी के बाद से दिमाग पे असर हो गया है. जाओ." पोरींनी अशी मान हलवली, बिचारी म्हणून. गेल्या. आता ओरडून उपयोग नाही. जितकं ओरडीन तितकी वेडी ठरीन.

त्यानंतर मले आतल्या खोलीत ठेवलं, दाराले बाहेरून कडी. मितूले पाजायपुरतं आणतात.

ऊन कलल्यावर खिडकीशी काकू आल्या. मागच्या जिन्यानं. पदराखाली काहीतरी धरलं होतं. मी म्हटलं काकू, देवासारख्या आल्या, सांगा यांना. त्यांनी पदर बाजूले केला.

डबी. तिसरी.

"बिघडली नव्हती गं," म्हणाल्या. "माझ्याकडेच होती."

मले समजेना. खरंच समजेना. मी म्हटलं, मग?

"अश्लेषा गेली आणि घर कसं खायला उठायचं. मला फक्त मितूचा आवाज हवा होता. तिचा श्वास ऐकू आला की मला झोप लागायची. त्या दिवशी ती रडली, तू येईनास, माझा हात बटनावर कधी गेला मलाच कळलं नाही." मग नाक ओढत म्हणाल्या, "तू म्हणालीस दारात ठेवून जाईन. मी घाबरले. तुझ्या सासूबाईंना सांगितलं, वाटलं मोठ्या आहेत, येऊन मदत करतील. मग तू भावाशी बोललीस, शुक्रवारी जाते म्हणून, तर मला वाटलं, ही पोर घेऊन कुठे... मी भल्यासाठीच केलं गं."

आमरस. कुरडया. गप गं राणी. ती बाई तुमच्यासारखी शुद्ध बोलली, असं मी त्यांच्याच तोंडावर सांगितलं होतं. इथं मराठी कोणाले कळते, हे पण त्यांनाच. अख्ख्या जयपुरात ज्या एका माणसाले माझा शब्द न शब्द कळतो, त्याच माणसाच्या कानात मी महिनाभर बोलत होती.

मले रडू आलं नाही. मी गजांतून त्यांचा हात धरला. "झालं ते झालं. आता माझ्या भावाले फोन करा. फक्त एक फोन. नंबर सांगते."

काकूंनी हात सोडवून घेतला. कानाच्या पाळ्यांना लावला. "नाही गं. एकदा दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत पडले आणि काय झालं बघ. ह्यांनीही मला शपथ घातलीय. आता मी तुमच्या घरातलं काही ऐकणार नाही, कुणाला काही सांगणार नाही. कान पकडले."

"काकू, तुम्ही आधी सांगितलं तेव्हा नको होतं. आत्ता पाहिजे आहे!"

"तुझी वस्तू तुझ्याजवळ ठेव," म्हणाल्या. तिसरी डबी खिडकीत ठेवली अन् जिना चढून गेल्या. पायरीवर थांबल्या होत्या थोडं. मले वाटलं वळतील.

२४ मे, शुक्रवार

आज रात्री नेतात. बाहेर सुलूताईची पिशवी भरणं चालू आहे. दूध पावडरचा डबा वाजला मघाशी. नीरज खरंच ड्युटीवर गेले आज. जाताना कडी काढून आत आले, माझ्याजवळ बसले. म्हणाले, मी थांबलो तं माझ्यानं होणार नाही. म्हणजे काय होणार नाही? पोरगी देणं होणार नाही, का थांबवणं होणार नाही? विचारलं तं उठून गेले. चांगले आहेत ते. चांगले आहेत म्हणूनच गेले.

सकाळी मले वाटलं, काकू बोलल्या तरी ऐकत असतील, अजून एखादी डबी वर ठेवली असेल. सवय अशी सुटत नाही. मितूची डबी अजून याच खोलीत आहे, पलंगावर. लाल लाइट लागते. मी तिच्याजवळ तोंड नेलं अन् सगळं सांगितलं. काकू, ऐकता ना? रागावली नाही मी. तुम्ही ऐका, पाहिजे तितकं ऐका, जन्मभर ऐका. दिनकरले फोन करा. नंबर दोनदा सांगितला. हळूहळू, एक एक आकडा.

अन् माझ्या कमरेच्या डबीतून, खिडकीतल्या तिसऱ्या डबीतून, माझाच आवाज माझ्याच खोलीत निघाला. एक एक आकडा.

दुसरं कोणीच ऐकत नव्हतं.

मोहल्ल्यात अशी डबी काकूंजवळच होती. आता तिन्ही माझ्याजवळ. म्हाताऱ्यानं दाखवली ती महागाची घेतली असती तरी इतकं बंद झालं नसतं.

बाहेर मितू रडून राह्यली. हे तिचं भुकेचं रडणं आहे, मले कळते, त्यांना कळत नाही, ते खुळखुळा वाजवून राह्यले.

ही वही मी खिडकीच्या गजांतून मागच्या गल्लीत टाकते. कोचिंगच्या पोरी जातात, दूधवाला जातो, कोणी ना कोणी उचलेल. मराठी समजणार नाही, पण अक्षरं तुमच्या हिंदीचीच आहेत, लावून लावून वाचा. भाई समजते. फोन समजते. पहिल्या पानावर नंबर मोठा करून लिहिला आहे.

त्याचं नाव दिनकर. त्याले सांगा, तो निरोप मी पाठवला नव्हता. सांगा, मितूले भुसावळले नेऊन राह्यले, सुलूताईसोबत, उद्या गाडी लागेल तेव्हा प्लॅटफॉर्मवर उभा राह्य. झालरवाला पिवळा फ्रॉक आहे अंगात. तिले हातात घे, मग मले घ्यायले ये. सांगा, गौतमी वेडी झाली असं कोणी म्हटलं तरी ये. झाली असेल तरी ये.

तुम्ही कोण आहात मले माहीत नाही. माझं सगळं वाचलं, वाचू द्या. मले कोणापासून काही लपवायचं नाही आता. फक्त माझ्या भावाले फोन करा.